नुसते ओठ हलवा

धाकटे, अनेक आशीर्वाद.

अगं, सगळ्यांत आधी शिंपीकाका आले, आणि चपला काढायच्या आतच गायला लागले! इथे माझी नात गाण्याची मंडळी चालवते ना, काल त्यांचा सराव घरीच होता. मला भारी मौज वाटली.

नातीला गाणं शिकवलं ते याच काकांनी. पण आता त्यांचा सूर घसरतो आणि सगळ्यांना घेऊन घसरतो. शेवटी पोर म्हणाली, “काका, कार्यक्रमात तुम्ही नुसते ओठ हलवा.”

“बरं, बाईसाहेब,” म्हणून ते हसले.

मग गाणं फार गोड झालं गं. पोर मात्र जेवली नाही. मी मजेत आहे. तुझा गुडघा कसा आहे?

गुरुवारी पुन्हा येतो, म्हणाले सगळे. काकांनी दारात नुसते ओठ हलवले.

तुझी ताई