थांबणाऱ्यांची मोजणी

५ ऑगस्ट, सोमवार

आज फळ्यावर एकच प्रश्न लिहिला — विद्यापीठाच्या फाटकासमोरच्या, कोपऱ्यावरच्या गाळ्यातला धंदा दरवर्षी का बसतो?

सहा वर्षांत पाच पाट्या बदलल्या. चष्मे, झेरॉक्स, भेटवस्तू, मोबाइलची कव्हरं, शेवटी फुलं. आणि समोरून दिवसाकाठी हजारो माणसं जातात! असा एखादा गाळा प्रत्येकानेच आपल्या रस्त्यावर पाहिलेला असतो, पण कारण कुणी विचारत नाही.

मागच्या बाकावरून आवाज आला, “मॅडम, जागाच पनवती आहे.” वर्ग हसला. मी म्हटलं, पनवती मोजून दाखव, गुण देते.

मग पायरीपायरीने उलगडलं. चौक ओलांडणारा माणूस गाड्यांकडे बघतो, दुकानाकडे नाही. त्याचे पाय घाईत असतात, हात गुंतलेले असतात. गर्दी म्हणजे गिऱ्हाईक नव्हे. जाणारे मोजू नका, थांबणारे मोजा! तास संपून वीस मिनिटं झाली तरी कुणी उठलं नाही. अशा दिवसांसाठीच मी शिकवते.

शेवटी एक मुलगी थांबली. गळ्यात सदैव शिंप्याची टेप, म्हणून वर्ग तिला मोजपट्टी म्हणतो. “मॅडम, पण तिथं थांबतात की आता. बसचा थांबा आलाय ना गाळ्यासमोर. अकरा-अकरा मिनिटं नुसते उभे असतात लोक. तेवढ्यात पँटची चेन बदलून होते!”

तिची आई एका मोठ्या कापडदुकानात बावीस वर्षं कपड्यांची दुरुस्ती करते. माझ्या उद्योजकतेच्या विषयात कागदी धंदा चालत नाही, खराच काढावा लागतो. मुलीला आईचं दुकान काढायचं आहे — बस येईपर्यंत दुरुस्ती.

काय कल्पना आहे! म्हटलं, चौदा दिवस मोज. मग बोलू.

२५ ऑगस्ट, रविवार

वर्गाच्या अडतीस फाइली एका बैठकीत तपासल्या. पद्धत नेहमीचीच — प्रत्येक पान वाचायचं आणि तळाशी लाल टिक करायची. टिक म्हणजे वाचलं, ही मी वर्गाला पहिल्याच तासाला दिलेली हमी आहे. नवरा चहाचा कप ठेवता ठेवता म्हणाला, “वाचतेस की शिक्के मारतेस? पोस्टात लागली असतीस तर आतापर्यंत पोस्टमास्तर झाली असतीस.”

मोजपट्टीची फाइल सर्वांत सरस. चौदा दिवस, सकाळ-संध्याकाळ, अर्ध्या अर्ध्या तासाचे तक्ते. पाच मिनिटांहून अधिक थांबणारे — दिवसाला सरासरी दोनशे बारा. शेवटून दुसऱ्या पानावर रोज थांबणाऱ्यांची यादी. त्यात एक नोंद अशी — “५.२०. काखेत लाल फाइल घेतलेल्या बाई. रोज. सरासरी अकरा मिनिटं.”

ही तर मीच! नवऱ्याला दाखवलं. म्हणाला, “चला, कुठेतरी तुझी गणती झाली म्हणायची.”

शेवटच्या पानावर शेरा देऊन सही केली — ‘उत्तम. पुढे जा.’

३० ऑगस्ट, शुक्रवार

मोजपट्टीच्या आईने नोकरीचा राजीनामा दिला. जुना मालक भला माणूस दिसतो. म्हणाला, “महिनाभर तुमचं मशीन झाकून ठेवतो, ताई. तीस सप्टेंबरपर्यंत वाट बघीन. नाहीच जमलं तर या परत. पहिल्या तारखेला मात्र दुसरं माणूस बसवावंच लागेल.” मोजपट्टीने हे हसत सांगितलं. वर्गाने बाकं वाजवली.

विभागप्रमुखांनी बोलावून घेतलं. सव्वीस सप्टेंबरला आढावा समिती येते आहे. माझा विषय ठेवायचा की गुंडाळायचा, ते त्या दिवशी ठरणार. “त्यांना तुमच्या त्या शिलाईच्या दुकानात घेऊन जाऊ. कागद बघून बघून कंटाळतात हो ते.”

९ सप्टेंबर, सोमवार

दुकान उघडलं! गाळ्यात दोन मशीन, एक आरसा, गिऱ्हाइकासाठी तीन स्टुलं. मी पाहत होते तेवढ्यात आईने एका कारकुनाच्या कोटाची बटणं लावून दिली आणि त्याची बसही चुकली नाही. तो जाताना ओरडला, “उद्या शर्ट आणतो, मावशी!”

पाठ्यपुस्तकात छापावं असं दृश्य.

१७ सप्टेंबर, मंगळवार

संध्याकाळी कोपऱ्यावर थांब्याची पाटी नव्हती.

१८ सप्टेंबर, बुधवार

पलीकडच्या पदपथाखालची पाइपलाइन टाकून झाली. चर बुजवला, फरशा बसवल्या. थांबा आपल्या मूळ जागी, रस्त्याच्या पलीकडे गेला. जूनपासून जो अलीकडे होता, तो तात्पुरता होता.

लिहायलाही लाज वाटते. ती पाटी जमिनीत रोवलेली नव्हती. डांबराच्या पिंपात दगड भरून उभी केलेली होती. मी त्या पिंपावर पिशवी टेकवून उभी राहत असे! पाच वर्षं मी स्वतः पलीकडूनच बस पकडत आले आहे. तीन महिन्यांत ते विसरले. सोय झाली की माणूस विचारायचं थांबतो — हे वाक्य मी दरवर्षी वर्गात सांगते. गिऱ्हाइकांबद्दल.

आज पलीकडे उभं राहून सवयीने मोजलं. वीस मिनिटं. गाळ्यासमोरून गेले एकशे चाळीस. थांबलं कुणीच नाही. आई दारात उभी होती. मग आत गेली, आरसा पुसला, पुन्हा दारात आली.

मुलगी तिथे नव्हती, ग्रंथालयात गृहपाठ करत होती. माझाच.

२० सप्टेंबर, शुक्रवार

सांगायला हवं. मशीन अजून झाकलेलं आहे, दहा दिवस हातात आहेत. आई आज परत गेली तर काहीही बिघडत नाही. एक अयशस्वी प्रयोग, एवढीच नोंद होईल.

पण तीन दिवसांवरून निष्कर्ष काढणं अशास्त्रीय. निदान चौदा दिवसांचा नमुना हवा — असं मी स्वतःला समजावलं. चौदा दिवस मोजले तर तीस तारीख येते. समिती सव्वीसला.

शास्त्र इतकं सोयीचं मला कधी वाटलं नव्हतं.

२३ सप्टेंबर, सोमवार

मोजपट्टी तासानंतर टेबलाशी आली. “मॅडम, गिऱ्हाईक कमी झालंय. थांबा गेल्यापासून. आई म्हणते, बाईंना विचार. काय करू?”

“समिती येऊन जाऊ दे. मग निवांत बसून बघू.”

“बरं.” ती लगेच मानली. माझं मानायचं, हे तिला मीच शिकवलं आहे.

२६ सप्टेंबर, गुरुवार

समिती आली. आईचं मशीन जोरात चालू होतं. अध्यक्ष खूश — “वा! भरपूर काम दिसतंय!” मी जवळ गेले तेव्हा दिसलं. ती घरचा पडदा शिवत होती. शिवून झालेली कड उसवायची, पुन्हा शिवायची. माझ्याकडे पाहून तिने हळूच डोळे मिचकावले. माझी लाज राखत होती!

विषय कायम. प्रमुख जिन्यात म्हणाले, “सुटलो बुवा! तुमच्या शिंपीणबाईंनी तारलं.”

२८ सप्टेंबर, शनिवार

सगळं सांगायचं ठरवूनच गेले. वाक्यंही जुळवून ठेवली होती.

आईने मला स्टुलावर बसवलं. माझ्या पिशवीचा बंद तुटायला आला होता, तो विचारल्याशिवाय हातात घेतला. दुहेरी शिवण घातली. पैसे काढले तर रागावली. “अहो बाई, तुमच्याकडून घेऊ होय? तुमच्या सहीवर तर उडी घेतली आम्ही.” मग दाताने दोरा तोडत म्हणाली, “सुरुवातीला असंच असतं ना? जुन्या दुकानातले फोन करतायत, ये म्हणून. हिला विचारलं तर म्हणते, बाई सांगतील तसं.”

मी म्हणाले, “असतं.”

एवढंच. बंद मजबूत झाला आहे. ओढून पाहिला.

३० सप्टेंबर, सोमवार

घशाचं कारण देऊन रजा टाकली.

१ ऑक्टोबर, मंगळवार

आज सांगितलं. रिकाम्या वर्गात, दार लावून, व्यवस्थित क्रमाने — थांबा तात्पुरता होता, नमुना चुकीच्या काळातला होता, मला दिसायला हवं होतं, दिसलं तेव्हा मी बोलले नाही.

मोजपट्टी उभीच होती. टेप बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

“आईच्या मशीनवर आज नवी बाई बसली,” ती म्हणाली. “दहाला मालकांचा फोन आला होता. कालपर्यंत वाट बघितली म्हणाले.”

मी माफी मागितली. तिने ऐकून घेतली.

दारापाशी वळली. “पण मी विचारलं होतं, मॅडम.”

“तेवीस तारखेला, हो —”

“नाही. आधी. फाइलमध्ये.”

माझ्या हातून असं होणार नाही. दुःखाच्या भरात तिचा घोटाळा होत असावा. मी प्रत्येक पान वाचते.

३ ऑक्टोबर, गुरुवार

कपाटातून फाइल काढली. चौथं पान. तक्त्याच्या खाली, शिसपेन्सिलीने, बारीक अक्षरात —

“मॅडम, एक कंडक्टर म्हणाले की हा थांबा तात्पुरता आहे. खात्री करून घेऊ का? आई त्यानंतरच राजीनामा देईल. की पुढे जाऊ?”

त्याखाली माझी लाल टिक. आणि शेवटच्या पानावर, माझ्याच अक्षरात, उत्तर.

उद्याच्या तासाला फळ्यावर प्रश्न लिहिणार नाही, चाचणी लिहीन. आधी स्वतः देईन. ‘वाचलं’ म्हणून आपण सही केलेला कोणताही कागद घ्यावा. उघडू नये. चौथ्या पानावर काय आहे, ते सांगावं.