अर्थ माझे, वाक्यं त्याची

४ मार्च
'ए' संपलं एकदाचं! आज 'बी' उघडलं. जास्त अर्थांचे शब्द आधी काढायचे ही आमच्या संपादक बाईंची शिस्त, म्हणून माझ्यापुढे पहिलाच आला तो 'ब्रेक'. एवढासा शब्द, पण अर्थ मारुतीच्या शेपटासारखे!

इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या या ऑफिसात रीतच आहे — अर्थ एकानं लिहायचे, वापराची वाक्यं दुसऱ्यानं. माझी जोडी पहिल्यापासून नवऱ्याशी. आमचं जमलं तेही इथेच. गेला महिनाभर तो दिराकडे राहतोय, तिथूनच काम करतो. जाताना म्हणाला, "थोडा ब्रेक घेऊ या." आता त्याचाही अर्थ मीच लिहायचा. वा!

५ मार्च
काच फुटते, दोरी तुटते, हाड मोडतं. आपल्याकडे तीन क्रियापदं, इंग्रजीचं एकात भागतं. शिवाय बातमी फुटते, मिसरूड फुटणाऱ्या पोरांचा आवाज फुटतो, वचन मोडतं.

दुपारी बाईंच्या टेबलावरून नेहमीसारखी त्याची वाक्यं आली. 'वचन मोडणे'पुढे — "त्याने वचन मोडले, पण त्याला झोप लागेना."

बाथरूममध्ये जाऊन रडले.

९ मार्च
आज बोलीतले अर्थ. तिकडचे नाटकवाले एकमेकांना 'ब्रेक अ लेग', 'पाय मोडो' म्हणतात, आणि ती म्हणे शुभेच्छा! 'गिव्ह मी अ ब्रेक' म्हणजे पुरे कर, डोकं खाऊ नकोस. हे तर आमच्या घरात रोज चालायचं, मराठीतून. वाक्य आलं — "पुरे कर, असे म्हणत तिने हसून त्याच्यापुढचा कप उचलला."

मी उचलायचे त्याचा कप! चहाचं पाणी होईपर्यंत पेपर वाचत बसायचा म्हणून. विसरला नाहीये तो.

१० मार्च
धाकट्या जावेला फोन केला. "वहिनी, भाऊजी काही बोलतच नाहीत. जेवतात नि झोपतात." मग हळूच, "तुम्ही उगाच आस लावून बसू नका."

उंटावरून शेळ्या हाकायला हिचं काय जातं! वाक्यांचं कुठे ठाऊक आहे तिला?

११ मार्च
त्याच्या उशीचा अभ्रा धुतला.

१२ मार्च
'मधली सुटी'. वाक्य — "सुटी संपली की सगळे आपापल्या जागी परत येतात."

येतोय! संध्याकाळी दोघांपुरता स्वयंपाक केला. कुणी आलं नाही. पण आजच येतो असं थोडंच म्हणालाय!

१३ मार्च
राहवेना. बाईंना म्हटलं, "या शब्दाची वाक्यं फार छान उतरलीत. त्याला कळवाल?"

बाईंनी चष्मा काढला. "अगं, ती मी लिहितेय. 'ए' संपलं की माझी जोडी बदला, असं त्यानं सांगून ठेवलं होतं. तुला बोलला नाही?"

"कधी सांगितलं?"

"तू आईच्या ऑपरेशनला गेली होतीस ना, तेव्हा."

तेव्हा तर रोज फोनवर म्हणायचा — लवकर ये गं, घर खायला उठतंय.