मांडव ताम्हिणीत, नवरी भऱ्यात

पौड

परवेजभाईंना हीनाचा सलाम.

तुमची कंबर आता कशी आहे? (खुर्चीत बसून कंबर दुखते हे अब्बांना अजून पटलेलं नाही, त्यांच्या मते ती खुर्च्या उचलणाऱ्याचीच दुखते.) जस्मीनभाभींना सलाम सांगा. इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे मंगळवारपर्यंत होते.

अब्बांच्या मंडपाच्या धंद्यासाठी मी पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिलाय, हे तुम्हाला ठाऊक आहेच. आदल्या दिवशी कामं भरायची, सकाळी प्रत्येक टेम्पोची चिठ्ठी छापून निघते: कुठल्या गावी काय न्यायचं. त्यात मी दुसऱ्यांनी लिहिलेली दोन तयार पॅकेजं घातलीत. एक नकाशावर रस्ता दाखवतं, दुसरं चिठ्ठी छापतं. ही दोघं आपापल्या पोटात तिसरंच एक वापरतात, तक्ते मांडणारं. ते मी कधी मागवलं नव्हतं. बोलावलेल्या पाहुण्यासोबत त्याचा मेहुणा यावा तसं ते आलं, आणि राहिलं.

माझा वर्गमित्र शैलेश हिंजवडीला नोकरी करतो. जुनी आवृत्ती वापरणाऱ्या माणसाकडे तो दयेनं बघतो. त्याच्या सांगण्यावरून मी नकाशावालं पॅकेज नवं केलं. नव्या नकाशाला ते तिसरं पॅकेज दोन किंवा त्यापुढच्या आवृत्तीचं हवं होतं, तेही आलं. शेवटी लाल अक्षरांत एक ओळ उमटली, की छापणाऱ्या पॅकेजला दोनच्या खालचीच आवृत्ती चालते. आणि तिच्याखाली लगेच, की सगळं यशस्वीरीत्या बसवलं आहे. आता अशा वेळी माणसानं कुठली ओळ खरी धरावी? (लाल अक्षरं वाचत बसलो तर पगार कधी घेणार, असं शैलेशचं म्हणणं. त्याला पगार आहे.)

प्रोग्रॅम बंद पडला असता तर बरं झालं असतं. तो मजेत चालला. फक्त तिसऱ्या पॅकेजच्या त्या दुसऱ्या आवृत्तीत तक्त्याच्या ओळी एकऐवजी शून्यापासून मोजतात, त्यामुळे प्रत्येक गावापुढे खालच्या गावाचं सामान छापलं गेलं, आणि शेवटच्या गावापुढे पहिल्याचं. चिठ्ठ्या इतक्या सुबक, की कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं.

त्या मंगळवारी तीन कामं होती. भऱ्याला दादासाहेबांच्या करिष्माचं लग्न, भुकूमला एका नव्या सोसायटीची वार्षिक सभा आणि ताम्हिणीत मेंढ्यांचं लसीकरण. तर ताम्हिणीत लग्नाचा मांडव, स्टेज, नवरा-नवरीच्या लाल मखमली खुर्च्या आणि झेंडूची कमान पोचली. कमान मेंढ्यांनी खाल्ली. शिबिर भरवणारा म्हसू नवरदेवाच्या खुर्चीत बसून होता, आणि डॉक्टरांनी स्टेजवर एकेक मेंढी बोलावून टोचली. भुकूमला मेंढ्यांसाठीची बांबूची कठडी गेली. सोसायटीच्या लोकांना ती आपल्याचसाठी वाटली. ते मुकाट्यानं रांगेनं आत गेले आणि पार्किंगचा ठराव पहिल्यांदाच भांडणाशिवाय मंजूर झाला.

भऱ्याला मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. तिथे सभेच्या प्लास्टिक खुर्च्या, एक भाषणाचा स्टँड आणि 'सभासदांनी शांतता राखावी' असा फलक उतरला. वर छत नाही, आणि ऊन म्हणजे ऊन. नवरीची आजी रंभाबाई फलकापुढे उभी राहिली, कुणीतरी तिला तो वाचून दाखवला, आणि ती अब्बांना एवढंच म्हणाली, "अलाउद्दीन, ह्ये लगीन हाय का ग्रामसभा?"

ताम्हिणीहून टेम्पो परत येईतो मुहूर्त टळणार, हे अब्बांना कळलं होतं. त्यांनी उभ्या टेम्पोवरची ताडपत्री सोडली, वराकडच्या चार जणांना चार टोकं धरायला लावली आणि स्वतः दोर बांधत फिरले. करिष्मा म्हणाली, "काका, सावली झाली, आता होऊ द्या." मंगलाष्टका त्या भाषणाच्या स्टँडवरून म्हटल्या गेल्या. मी मागे उभी होते. अब्बा दारात प्रत्येक पाहुण्याला हात जोडत होते, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

घरी येऊन मी सगळं काढून पुन्हा बसवायला घेतलं. या वेळी पॅकेजं बसवणाऱ्या प्रोग्रॅमनं साफ नकार दिला: दोघांना एकत्र चालेल अशी तिसऱ्याची आवृत्तीच नाही. मग मी नकाशावाल्याची नवीच आवृत्ती हवी हा हट्ट सोडला आणि एका वेगळ्या फाइलीत एकच अट लिहिली. हे तिसरं पॅकेज मी मागत नाही, पण कुणी आणलंच तर दोनच्या खालचं आणा. मग बिचाऱ्यानं नकाशावाल्याच्या जुन्या जुन्या आवृत्त्या एकेक तपासल्या आणि ही अट मान्य असलेली शोधून काढली. आता चिठ्ठ्या बरोबर निघतात. फक्त जुन्या नकाशाला नवे रस्ते माहीत नाहीत, टेम्पो चुकत नाहीत, पण पोचतात उशिरा.

बाकी ठीक. भाभींनी पाठवलेलं लोणचं संपलं.

तुमची,
हीना

ता. क. चिठ्ठी छापणारं पॅकेज तुम्हीच लिहिलेलं आहे, हे वर लिहायचं राहिलं. तुमच्या निकाहनंतर त्याला कुणी हात लावलेला दिसत नाही. दुसऱ्या आवृत्तीशी जुळवून घ्या ना.

ता. क. २. अब्बांनी विचारलं, चूक कुणाची. मी म्हटलं, परवेजभाईंची. ते त्यांनी तुमच्या वडिलांना, मामूंना कळवलंय. मामूंचा फोन येईल तेव्हा लाल ओळीचा विषय काढू नका. 'हो, माझंच चुकलं' एवढंच म्हणा आणि फोन भाभींकडे द्या.