पायथ्याचा कोपरा

४ मार्च

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईच्या डोळ्यांची पट्टी कधी काढणार ते कळव. जीव टांगणीला लागला आहे. इकडे मी एक उद्योग मांडून बसलो आहे, तो तिच्या कानावर घालू नकोस. लोखंडी पलंग, खुर्ची आणि पत्र्याचं कपाट रंगवायला घेतलं आहे. गंजात अडकून साड्या फाटतात म्हणून ती किती वर्षं माझ्या मागे लागली होती! दिसायला लागल्यावर तोच गंज आधी नजरेस पडायला नको.

रंगवाल्याने बजावलं, गंज पार घासा, मग लाल प्रायमर, मग रंग. नाहीतर पोपडे येतील. म्हणून पॉलिश पेपरने घासतो आहे. बोटं सोलली, घरभर तांबडा भुगा झाला. शेजारीण विचारून गेली की आजोबा, पलंग ठेवणार आहात ना थोडा? रंग आकाशी घेतला आहे. तुझ्या आईला फिका तर वाटणार नाही?

उत्तराची वाट पाहणारा,
बाबा

११ मार्च

ती. बाबांना सा. न. वि. वि.

पट्टी काढली. बाबा, उपयोग झाला नाही. उजेड आणि अंधार तेवढा कळेल, असं डॉक्टर म्हणाले. मी रडले, तर आईनेच मला गप्प केलं. माझ्याकडेच राहा म्हटलं, तर म्हणते, इथे मी भिंतींवर आपटते, माझं घर मला हाताने पाठ आहे. गेलं वर्षभर ती तशीच वावरत होती, तुम्हाला पत्ता लागू दिला नाही. पलंगाच्या पायथ्याचा खरखरीत पोपडा हाताला लागला की उजवीकडे न्हाणीघर. खुर्चीच्या हातावरची खपली लागली की समोर स्वयंपाकघर.

तुमच्या रंगाचं तिला बोलले नाही. पण तो कोपरा राहिला असेल तर तसाच राहू द्या. काळजी करू नका असं लिहीत नाही, तुम्ही ऐकणार थोडेच!

तुमची,
ठमी

१५ मार्च

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा रंगाचा दुसरा हातही वाळला होता. जन्मात एक काम नीट केलं, ते हे. कुठे खपली म्हणून ठेवली नाही. डोळे मिटून चालून पाहिलं. पलंगाची कड काचेसारखी गुळगुळीत, न्हाणीघराऐवजी कपाटावर आपटलो. खुणेसाठी पलंगाला चिंधी बांधली, ती घसरून भलतीकडेच जाते. दोरी ताणली तर म्हणेल, माझी गाय केलीत. कोपरा खरवडून मिठाचं पाणी लावलं. इतकी वर्षं न बोलावता आलेला गंज, आता बोलावून येत नाही.

तिला काय सांगू? तूच सांग. माझ्याने होणार नाही.

गोंधळलेला,
बाबा

२० मार्च

ती. बाबांना सा. न. वि. वि.

आईला सांगितलं. तिने रंग कोणता, एवढंच विचारलं. आकाशी म्हटल्यावर म्हणाली, बरा सुचला त्यांना. मग हसून म्हणाली, घरात एक गंजकी वस्तू रंगवायची राहिली असेलच, तिला त्या कोपऱ्याशी बसायला सांग. गुडघा हाताला लागला की मी उजवीकडे वळेन. रविवारी आम्ही येतो. दाढी करू नका, असाही निरोप आहे, म्हणजे ओळख पटेल.

तुमची,
ठमी

२३ मार्च

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

कोपऱ्याशी स्टूल ठेवलं आहे. बसूनही पाहिलं. पाठ दुखते, पण बसेन, दिवसभर बसेन. दाढी वाढू दिली आहे. फक्त एक सुचत नाही. मी त्या स्टुलावरून कायमचा उठलो, तर तिचा हात कशाला लागेल? हे तिला विचारू नकोस.

रंग मात्र छान बसला आहे. एवढं तिला सांग.

तुम्हा दोघींची दाराशी वाट पाहणारा,
बाबा