सत्तरीतली लेझीम

बाई, तुम्ही मला कायम शेवटच्या ओळीत उभं करायचात. तुमची शिट्टी वाजली की सगळ्या मुली डावा पाय पुढे टाकायच्या आणि मी उजवा. "लेझीम आहे ती, वाळत घालायची छत्री नव्हे," अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हणालात. शाळा सुटल्यावर मला एकटीला थांबवलंत आणि हात बसेपर्यंत सोडलं नाहीत. इतका राग आला होता तुमचा! आज तुम्ही नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी जिंकले, बाई.

गेल्या वर्षी आमच्या कोथरूडच्याच सिग्नलला स्कूटरवर उभी आहे, हिरवा दिवा लागतो आणि मला कळेना, घर डावीकडे की उजवीकडे. मागून एक जण ओरडतो, "आजी, मुहूर्त बघताय का?" शेवटी मुलाला फोन केला. मधुमेह जुना, त्यात दिवसभर खुर्ची. डॉक्टर म्हणाल्या, साखर अशीच राहिली तर विसरणं वाढू शकतं. मुलाने स्कूटरची किल्ली स्वतःच्या कपाटात ठेवली. सून म्हणे, "अहो आई, तुम्ही बसा, मी करते." पाण्याचा पेलासुद्धा हातात. सगळं प्रेमानंच हो, पण ही माणसं मला बसवून बसवूनच संपवणार, अशी धास्ती बसली. ती किल्ली मला परत हवी होती, बास.

डॉक्टरांनाच विचारलं. म्हणाल्या, "गेलेलं सगळं परत येईल असं नाही म्हणत. पण शरीर हलवा, आणि डोकंही लागेल असं काहीतरी करा." आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये संध्याकाळी बायकांची लेझीम चालते. साखर एकदम उतरलीच तर म्हणून पर्समध्ये बिस्किटं टाकली आणि गेले. आयटीतली एक मुलगी शिकवते. "काकू, चिल, जमेल." चिल कसली! गुडघे बोंबलत होते, हात चुकत होते. पण हटले नाही. मग एका संध्याकाळी तिने नवा हात दाखवला आणि माझा डावा पाय आपसूक पुढे पडला. पुढे साखर आटोक्यात आली, झोप लागायला लागली, गॅसवर दूध आहे हेही ध्यानात राहू लागलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मुलगा म्हणाला, "चल, मार्केट यार्डातून झेंडू आणू. तू चालव, मी मागे बसतो." स्वारगेटला रस्ता बंद, ही गर्दी, पोलीस भलतीकडेच वळवतोय. मागून सुरू झालं, "आई, आता इथून..." म्हटलं, "गप्प बस. पत्ता विचारायला नाही बसवलं तुला." गल्लीबोळांतून बरोब्बर फुलबाजाराशी नेऊन उभा केला त्याला! घरी आल्यावर खाली पार्किंगमध्येच किल्ली पुढे केली, तर म्हणाला, "असू दे तुझ्याकडेच." बाई, मी तिथल्या तिथे गिरकी घेतली. वॉचमन बघत होता. बघू दे.

हे कुठे पाठवायचं नाहीच, तरी हौसेनं पाकीट घेतलं. वर तुमचं नाव लिहायला गेले, तर आठवेना. खोचलेला पदर आठवतो, पांढरे कॅनव्हासचे बूट आठवतात, तो खणखणीत आवाज आठवतो. नाव नाही. गेल्या वर्षी रडत बसले असते. आजही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू; पाकिटावर नुसतं 'बाई' लिहिलं. पण खाली लेझीमचा ढोल वाजतोय, मी निघाले.