आपोआप उघडणाऱ्या दाराविषयी

मी, खाली सही करणार, वय वर्षे एकाहत्तर, धंदा लहान स्वयंपाकघरे बसवून देण्याचा, चारचौघांत नुसता ‘मिस्त्री’ म्हणून ओळखला जाणारा, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि अक्कलहुशारीने लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. भीती मात्र आहे. ती कोणा माणसाची नाही. कशाची ते कलम चारमध्ये येईल. प्रकृती ठणठणीत आहे. हे मुद्दाम नमूद करतो, नाहीतर मागाहून कोणीतरी म्हणायचे की म्हाताऱ्याला शेवटी भ्रम झाला होता.

कलम एक. राहते घर सर्व सामानासह माझ्या पश्चात पत्नीचे. त्यातल्या स्वयंपाकघराला कोणी हात लावू नये. ते मी तिच्या मापाने बेतले आहे. ती उंचीला कमी, म्हणून ओटा बुटका. ती डावखुरी, म्हणून ओट्याखालच्या छोट्या फ्रिजच्या बिजागऱ्या काढून मी दुसऱ्या बाजूला लावल्या. भिंतीला दुमडून बसणारे टेबल आणि त्याच्या पोटात जाणारी दोन स्टुले हेही माझ्याच हातचे. कोणी तिला मोठा फ्रिज घ्यायला भरीस घातले तर तिने आधी दाराची चौकट मोजायला सांगावी. नाकापेक्षा मोती जड झालेली कितीतरी घरे मी पाहिली आहेत. फ्रिज आत जातो आणि मग माणसाला आडवे होऊन चहा करावा लागतो. हे वाचून दाखवले तेव्हा पत्नी म्हणाली, “अहो, मेल्यावरही माझा ओटा तुम्हीच मोजणार का?” होय, मीच.

कलम दोन. दुकानातला माल, म्हणजे एका भांड्याच्या विजेच्या शेगड्या, लहान ओव्हन, चाकांच्या ट्रॉल्या आणि न खपलेली ताटाळी, हे सर्व आमच्या इलेक्ट्रिशियनला द्यावे. त्याला सगळे ‘फ्यूज’ म्हणतात, कारण तो लगेच उडतो. अट एकच. कुठलेही स्वयंपाकघर बसवण्याआधी त्याने रिकाम्या खोलीत खडूने ओटा, फ्रिज, कपाटे आखावीत आणि घरात जो रांधतो त्याला तिथे एकदा हवेतल्या हवेत स्वयंपाक करायला लावावा. लोक हसतात. हसू द्यावे. खोटी भाजी चिरताना कोपर कुठे आपटते ते तेव्हाच कळते.

कलम तीन. गावात स्वयंपाकघरे बसवणारा दुसरा एक आहे. एका दिवसात काम उरकतो म्हणून त्याला ‘झटपट’ नाव पडले. त्याला माझ्याकडचे लांब स्क्रूंचे दोन डबे द्यावेत. त्याच्याकडे फक्त आखूड असतात. आधी कळस मग पाया ही त्याची कामाची रीत.

कलम चार. बँकेतली सर्व शिल्लक माझ्या एकुलत्या एका मुलीला मिळावी. परंतु तिने आपल्या स्वयंपाकघरातले वरचे लांब कपाट भिंतीवरून उतरवल्याखेरीज एक छदामही मिळू नये.

कारण लिहिणे भाग आहे. मुलीने लहानसे घर घेतले तेव्हा मी तिच्याकडे आठ दिवस मागितले. आखायचे होते, तिला रांधताना पाहायचे होते. ती म्हणाली, “बाबा, तुमच्या रेघा आखून होईपर्यंत आम्ही काय उपाशी राहायचं?” आणि तिने झटपटला बोलावले. निम्म्या खर्चात, एका दिवसात सगळे तयार. मी जिन्यात उभा राहून, शेजारपाजार ऐकत असताना सांगितले की या घरात माझा पाय पडणार नाही. दोन वर्षे पडला नाही. पत्नी जाते, येते, आणि काय काय रांधले ते सांगते.

गेल्या आठवड्यात तिने भाजी निवडता निवडता सहज सांगितले, “तिच्या त्या वरच्या कपाटाचं दार हल्ली आपोआप उघडतं. लावलं की पुन्हा उघडतं. मजाच आहे.”

मी तिला तेच पुन्हा सांगायला लावले.

दार आपोआप उघडते याचा अर्थ कपाट पुढे झुकले आहे. आणि ती भिंत कसली आहे ते मला ठाऊक आहे. त्याच इमारतीत मी इतरांची कामे केली आहेत. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामधली ती भिंत आतून पोकळ आहे; नुसत्या प्लास्टरच्या पातळ फळ्या आणि वर रंग. अशा भिंतीवर मी मसाल्याची फळीसुद्धा टांगत नाही. तिथे जाड बुडाची भांडी, धान्याचे डबे आणि वर मिक्सरचे खोके आहे. बरोबर त्याखाली दुमडते टेबल, आणि त्या टेबलाशी माझी नात अभ्यासाला बसते. सहा वर्षांची. लिहिताना मान खाली घालते.

पत्नीकडून निरोप धाडला. मुलीचे उत्तर आले, “बाबांना दुसऱ्या कोणाचं काम कधी पटलंय?” खरे आहे. मी आयुष्यभर लोकांच्या कपाटांना नावे ठेवली. आता लांडगा खरेच आला आहे आणि ऐकायला कोणी नाही. तेव्हापासून घरात भांडे पडले की मी दचकून उठतो. फोन वाजला की पत्नीच्या तोंडाकडे बघतो. जिवंत बापाचे ती ऐकत नाही, निदान मेलेल्याचे ऐकेल, म्हणून हे मृत्युपत्र.

इथवरचा मजकूर साक्षीदारांना वाचून दाखवला. साक्षीदार दोन: वर उल्लेखलेला फ्यूज, आणि शेजारच्या निवृत्त नर्सबाई. नर्सबाईंनी चष्मा काढला, माझे मनगट धरले आणि ठोके मोजले.

“मिस्त्री, हे उघडणार कधी?”

“मी गेल्यावर.”

“तुमची नाडी घोड्यासारखी चालते आहे. अजून पंधरा-वीस वर्षं तुम्ही कुठे जात नाही. तेवढी वर्षं ते कपाट थांबणार आहे का?”

फ्यूज उडालाच. “काका, चपला घाला! पहिले चपला घाला!”

कलम चार रद्द. त्यातली अट रद्द. शिल्लक मुलीला बिनशर्त मिळावी.

साक्षीदारांना वाचून दाखवल्यानंतरचा सर्व मजकूर दुसऱ्या जागी बसून, नातीच्या पेनने लिहिला आहे. शाई निराळी दिसते ती त्यामुळे.

दार मुलीने उघडले. “बाबा? तुम्ही?” मी सरळ आत गेलो. नात टेबलाशीच होती. तिला तसेच उचलून बाहेरच्या खोलीत ठेवले. मुलगी चिडली. “आल्या आल्या सुरू झालं का तुमचं?” तेव्हा मी स्टुलावर चढून कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत बोट घातले. ते पेरापर्यंत आत गेले. ते बघून तिने माझे स्टूल धरले.

फ्यूजने खालून खांदा दिला, नर्सबाईंनी एकेक भांडे काढले. निम्मी भांडी उतरायच्या आत कपाटाचे डावे टोक सुटले. स्क्रू भिंतीतून असा निघून आला, जसा शिजल्या बटाट्यातून काटा. मी आणि मुलगी दोघेही कपाटाखाली धावलो. चौघांनी मिळून ते टेबलावर टेकवले, मग जमिनीवर. टेबलावर नातीची वही उघडी होती, तिच्यावर चुन्यासारखी पांढरी भुकटी पडली होती. मुलीने ती झटकली नाही. ती खालीच बसली आणि नातीला हाका मारू लागली. नात शेजारच्याच खोलीत होती, ओ देत होती, तरी हाका थांबेनात.

आता सहीबद्दल. खालची सही माझीच आहे. बँकेतल्या सहीशी ती जुळणार नाही, कारण हात अजून थरथरतो आहे आणि थांबेपर्यंत वाट पाहायची माझी तयारी नाही. कोणी शंका घेऊ नये.

ठिकाण: मुलीचे स्वयंपाकघर.
दिनांक: ९ फेब्रुवारी, रविवार.

सही: मिस्त्री

साक्षीदार पहिला: फ्यूज, इलेक्ट्रिशियन. (खांदा दुखतो आहे, सही डाव्या हाताची.)

साक्षीदार दुसरी: निवृत्त नर्स. सही करणाऱ्याचे डोके ठिकाणावर आहे, मी खात्री केली आहे.

टीप: साक्षीदार दोन पुरतात, म्हणून मुलीची सही इथे नाही. माझा हात हलत होता, म्हणून तिने फक्त कागद दाबून धरला आहे.