अक्षराचा सब्जा

प्रिय अमरनाथ,

तुझं पत्र मिळालं. पाठशाळेत असताना तू माझ्या वह्या उतरवायचास, त्यातही एवढ्या चुका नसायच्या. तुझी अक्षरा जाऊन अडीच महिने झाले, आणि तू लिहितोस की उमावहिनींशी बोलणंच सोडलंस. त्या संध्याकाळी त्यांनी फोनवर मार्कांवरून पोरीला झापलं, म्हणून तिनं जीव दिला, असा निकाल तू लावून टाकलास. न्यायाधीशच व्हायचं होतंस, उदगिरात उगाच डाळी विकत बसलास.

क्लाससाठी ती लातूरला आमच्या खालच्या खोलीत राहायची, तेव्हाची तिची कुंडी अजून आमच्या गच्चीवर आहे. तुझ्याच दुकानातला चिमूटभर सब्जा तिनं पेरला होता. रोपं वीतभर झाली तेव्हा मी सवयीनं हात जोडले, तर ही खो खो हसली. "काका, पाया काय पडून राहिलात? ही तुळस न्हाई, खायचा सब्जा हाय!" मेसच्या डब्यातल्या वरणावर ती चार पानं चुरायची. म्हणायची, आता निदान कशाचा तरी वास येतो. लातूरचा नळ तुला ठाऊकच आहे, आठ-दहा दिवसांनी दर्शन देतो. म्हणून मी तांदूळ धुतलेलं पाणी बुडाशी घालायचो. दुपारच्या उन्हाला तिनं माझं जुनं धोतर आडवं बांधलं होतं. माझ्या वस्त्रांचा इतका सदुपयोग आजवर कुणी केला नव्हता.

तुरे आले की सब्जा बी धरतो, पानं बारीक होतात, वास उतरतो. म्हणून शेंडे खुडायचे, मग बाजूनं दोन-दोन फुटवे येतात. हे तिला मीच शिकवलं. तिच्या जिवावर यायचं, माझ्या नाही.

आता जे तुला माहीत नाही ते लिहितो. त्याच दिवशी दुपारी, वहिनींच्या फोनच्या कितीतरी आधी, ती गच्चीवर आली होती. "काका, मला न्हाई जमून राहिलं. पप्पा तुमचं ऐकतात. मला घरी घेऊन जा म्हणून सांगा ना." मी शेंडे खुडत होतो. तेच दाखवून म्हणालो, कमी मार्क म्हणजे हे खुडणं बाई, खुडल्याशिवाय झाड भरत नाही. वर एक सुभाषित ऐकवलं, अर्थासकट. ती "हाव काका" म्हणाली आणि खाली गेली. मी स्वतःवर खूश होतो. तुला फोन केलाच नाही. तिला मातीत ठेवलं तेव्हा तुझा दंड धरून उभा होतो, तेव्हाही तोंड उघडलं नाही. आणि वहिनींवर सगळं आलं, तेव्हा मला, खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं.

हे पत्र वहिनींना वाचून दाखव. तूच, मोठ्यानं, शेवटपर्यंत. मला पुन्हा दारात उभं करायचं की नाही, ते त्यानंतर दोघं मिळून ठरवा.

तोवर तुझाच,
ईश्वरप्पा